मशीन सुरू होत नाही? आधी शेवटची ओळ वाचा, मग डिस्कला हात लावा

रात्री साडेनऊला मावसभावाचा फोन आला. नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत त्याचा लेबलं छापायचा छोटा गाळा आहे.

"दादा, ऑफिसच्या मशीनची डिस्क उडाली."

"कशावरून?"

"सुरूच होत नाहीये. काळी स्क्रीन."

"त्या काळ्या स्क्रीनवर शेवटची ओळ काय आहे?"

"काहीतरी एरर आहे रे."

"काहीतरी नको. अक्षरन् अक्षर वाच."

त्याने वाचलं: एरर, फाइल /बूट/ग्रब/आय३८६-पीसी/नॉर्मल.मॉड नॉट फाउंड. त्याखाली ग्रब रेस्क्यू, आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. मी ठाण्यात पाचपाखाडीला आमटीभाताचं ताट पुढ्यात घेऊन बसलो होतो. ती ओळ ऐकली आणि निवांत पुढचा घास घेतला. उडालेली डिस्क अशी बोलत नाही. ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, आणि तो स्वतः त्याच डिस्कवरून येतो. तो बोलतोय म्हणजे डिस्क फिरतेय आणि निदान सुरुवातीचा भाग वाचता येतोय.

सुरू न होणाऱ्या लिनक्स मशीनमध्ये पार्टिशन (डिस्कचा आखून दिलेला भाग) खरोखर पुसलं गेलंय असं मी फार क्वचित पाहिलंय. बहुतेक वेळा पत्ता चुकलेला असतो, माणूस घरातच असतो. खरं नुकसान होतं ते पहिल्या दहा मिनिटांत, घाबरून डिस्कवर काहीतरी लिहिल्यामुळे. म्हणून या लेखात वाचायच्या आज्ञा आधी येतील आणि लिहायच्या आज्ञा शक्य तितक्या उशिरा.

आज्ञांच्या लिपीबद्दल एक सूचना. फोनवर सांगताना मी जसा उच्चार करतो तशाच त्या इथे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या. मोठं अक्षर लागत असेल तिथे तसं सांगितलंय. 'एफएससीके' (फाइलसिस्टम, म्हणजे पार्टिशनमधली फाइलींची मांडणी, तपासायची आज्ञा) हा शब्द सगळे 'एफएसचेक' म्हणतात, पण टाइप करताना एफ, एस, सी, के एवढंच. 'डेव्ह' म्हणजे डी-ई-व्ही, 'एमएनटी' म्हणजे एम-एन-टी. उदाहरणांत डिस्क 'एसडीए' धरली आहे. तुमच्याकडे एनव्हीएमई एसएसडी असेल तर नाव 'एनव्हीएमई०एन१' असं आणि पार्टिशन 'एनव्हीएमई०एन१पी२' असं दिसेल.

घोडं कुठे पेंड खातंय

मशीन सुरू होताना काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं. आधी बायोस किंवा यूईएफआय (मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, जुना आणि नवा), मग ग्रब, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि त्याच्यासोबतचा इनिटरॅमएफएस नावाचा छोटा तात्पुरता संसार, मग खरं रूट पार्टिशन (जिथे लिनक्स बसलंय ते) माउंट होणं, म्हणजे वापरायला जोडलं जाणं, आणि शेवटी एफएसटॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीत) लिहिलेली बाकीची पार्टिशनं. प्रत्येक टप्प्याची तक्रार करायची भाषा वेगळी. त्यामुळे शेवटची ओळ वाचली की कोणत्या टप्प्यावर अडलंय ते कळतं.

"नो बूटेबल डिव्हाइस" असं काही आलं किंवा मशीन थेट बायोसच्या पडद्यावर गेलं, तर गोष्ट ग्रबपर्यंत पोचलेलीच नाही. "ग्रब रेस्क्यू" किंवा नुसतं "ग्रब" आणि कर्सर दिसला, तर ग्रबला त्याच्या फाइली सापडत नाहीत. "इनिटरॅमएफएस" असा प्रॉम्प्ट (आज्ञेची वाट बघणारी ओळ) आला, तर कर्नल चालू झालाय पण रूट पार्टिशन मिळत नाही किंवा त्याची फाइलसिस्टम बिघडलीय. "यू आर इन इमर्जन्सी मोड" आलं, तर रूट मिळालंय आणि एफएसटॅबमधलं दुसरं काहीतरी अडलंय. कर्नल पॅनिकमध्ये "अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)" दिसलं, तर बहुधा इनिटरॅमएफएसची फाइलच नाही किंवा अर्धवट आहे. बूट पार्टिशन भरलेलं असताना कर्नल अपडेट केला की हमखास हे होतं.

स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. आणि समोरच्याला विचारा, "काल काय केलंत?" पहिलं उत्तर नेहमी "काहीच नाही" असतं. दुसऱ्यांदा विचारा.

बायोसच्या टप्प्यावरचं एक कारण आधीच सांगून टाकतो, कारण ते अगदी स्वस्तातलं आहे. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा बटन सेल असतो. तो संपला आणि वीज गेली की बायोसची सेटिंग मूळपदावर जातात: यूईएफआयचं लेगसी (जुनी बायोस पद्धत) होतं, किंवा साटाचा (डिस्क जोडायच्या पोर्टचा) मोड एएचसीआयवरून रेडवर जातो, आणि चांगली डिस्क नाहीशी झाल्यासारखी वाटते. मशीनचं घड्याळ मागचं वर्ष दाखवत असेल तर पार्टिशनच्या मागे लागू नका. घड्याळाच्या दुकानातून सेल आणा आणि मोड जागेवर करा. महाप्याला रस्त्याच्या एका बाजूला डेटा सेंटरच्या भल्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला यूपीएसची बॅटरी कधीच मेलेले गाळे असा देखावा आहे. या गाळ्यांत हा सेलचा प्रकार मी बऱ्याचदा पाहिलाय.

ग्रब रेस्क्यू: चार ओळींचं काम

मावसभावाला मी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा कळलं, की कामावरच्या मुलाने आदल्या दिवशी विंडोजमधून "रिकामा" डी ड्राइव्ह डिलीट केला होता. जुनं मशीन, विंडोज आणि डेबियन लिनक्स एकत्र, एमबीआर पद्धतीचं पार्टिशन टेबल (पार्टिशनांची यादी).

इथे थोडं समजून घेण्यासारखं आहे. एमबीआर म्हणजे डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर. त्यात ४४६ बाइट बूट कोडचे, ६४ बाइट पार्टिशन टेबलचे आणि शेवटचे २ बाइट सहीचे. ६४ बाइटांत १६-१६ बाइटच्या चारच नोंदी मावतात. म्हणून चारांपेक्षा जास्त पार्टिशनं हवी असतील तर एका नोंदीत 'एक्स्टेंडेड' पार्टिशन करून त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशनं ठेवतात, आणि त्यांचे क्रमांक ५ पासून सुरू होतात. हे क्रमांक कुठेही कोरलेले नसतात. रांगेतल्या जागेवरून ठरतात. पाचवा उठून गेला की सहावा पाचवा होतो, सातवा सहावा. त्याच्या मशीनमध्ये डी ड्राइव्ह पाचवा होता, डेबियनचं रूट सहावं आणि छपाईच्या फाइलींचं पार्टिशन सातवं. मुलाने पाचवा काढला, आणि ग्रब अजून सहाव्या दारावरच टकटक करत होता.

रेस्क्यू प्रॉम्प्टवर मोजक्याच आज्ञा चालतात. पहिली:

एलएस

याने डिस्क आणि पार्टिशनं दिसतात: (एचडी०) (एचडी०,एमएसडॉस५) वगैरे. जीपीटी (टेबलची नवी पद्धत) डिस्क असेल तर 'एमएसडॉस'च्या जागी 'जीपीटी' येतं. आता एकेक पार्टिशन उघडून बघायचं:

एलएस (एचडी०,एमएसडॉस५)/

शेवटचा तिरका दांडा विसरू नका. त्याशिवाय आतल्या फाइली दिसत नाहीत. "अननोन फाइलसिस्टम" आलं तर पुढचं बघा. 'बूट', 'ईटीसी', 'होम' अशी नावं दिसली की घर सापडलं. मग:

सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस५)
सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

'इन्समॉड' म्हणजे आय-एन-एस-एम-ओ-डी. बूट पार्टिशन वेगळं असेल तर वाटेत 'बूट' नको, नुसतं '/ग्रब'. फेडोरासारख्या घराण्यात फोल्डरचं नाव 'ग्रब२' असतं. चौथ्या ओळीनंतर नेहमीचा मेनू दिसला पाहिजे. एवढ्यात डिस्कवर काहीच लिहिलं गेलेलं नाही, हे या चार ओळींचं मोठं सुख.

यूईएफआयच्या मशीनवर बहुधा रेस्क्यू न येता नुसता 'ग्रब' प्रॉम्प्ट येतो. उबुंटूमध्ये ईएफआय पार्टिशनवर (यूईएफआय सुरुवातीला वाचतं त्या छोट्या पार्टिशनवर) 'ईएफआय/उबुंटू/ग्रब.सीएफजी' नावाची तीन ओळींची चिठ्ठी असते: या यूयूआयडीचं (फाइलसिस्टमच्या ओळखक्रमांकाचं) पार्टिशन शोध, तिथली बूट/ग्रब धर, तिथली खरी फाइल वाच. रूट पार्टिशन नव्याने फॉरमॅट करून बॅकअप ओतला असेल तर यूयूआयडी बदलतो आणि चिठ्ठी जुनीच राहते. तेव्हा थेट सांगायचं:

कॉन्फिगफाइल (एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी

त्या मेनूमध्येही जुनाच यूयूआयडी असेल तर गाडी पुढे अडेल. मग खाली सांगितलेला लाइव्ह पेनड्राइव्हचा मार्ग धरा.

मशीन सुरू झालं की काम पक्कं करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेच. लेगसी बायोस असेल तर:

सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए
सुडो अपडेट-ग्रब

पहिल्या आज्ञेत पूर्ण डिस्क द्यायची, 'एसडीए५' असं पार्टिशन नाही.

इनिटरॅमएफएसचा प्रॉम्प्ट

इथे दोन वेगळे आजार असतात आणि औषधंही वेगळी. वरच्या ओळी वाचा. "रन एफएससीके मॅन्युअली" असं असेल तर फाइलसिस्टममध्ये विसंगती आहे. अचानक वीज गेल्यावर होते. रूट अजून माउंट झालेलं नसल्यामुळे ही दुरुस्ती इथेच करता येते:

एफएससीके /डेव्ह/एसडीए२

पार्टिशनचं नाव संदेशातच असतं. आधी दोन-चार प्रश्नांना स्वतः वाचून उत्तर द्या. 'वाय' दाबत बसायचा कंटाळा म्हणून पहिल्याच फटक्यात '-वाय' लावणाऱ्यांना मी थांबवतो; प्रश्नांची रांग संपतच नसेल तर तो डिस्क मरत असल्याचा इशारा असू शकतो. दुरुस्ती झाली की 'एक्झिट'.

दुसरा आजार: "अलर्ट, यूयूआयडी अमुक डझ नॉट एक्झिस्ट". कर्नलला सांगितलेला यूयूआयडी आणि डिस्कवरचा यूयूआयडी जुळत नाहीत.

कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन
बीएलकेआयडी

पहिल्या आज्ञेत 'रूट=' पुढे मागणी दिसते, दुसरीत प्रत्यक्ष माल दिसतो. 'बीएलकेआयडी'मध्ये डिस्कच दिसत नसेल तर केबल, साटा मोड किंवा ड्रायव्हर. यूएसबीवरची संथ डिस्क असेल तर ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून 'लिनक्स'च्या ओळीच्या शेवटी 'रूटडिले=१०' लिहून पाहा. एलव्हीएम (पार्टिशनं एकत्र करून वाटायची पद्धत) असेल तर 'एलव्हीएम व्हीजीचेंज -एवाय' ही एक आज्ञा कधीकधी पुरते.

इमर्जन्सी मोड

हा प्रकार दिसायला भयंकर आणि सोडवायला सगळ्यांत सोपा. आधी "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" म्हणत दीड मिनिट मोजलं जातं, मग तो संदेश. सिस्टमडी (लिनक्समधल्या सगळ्या सेवा सुरू करणारी यंत्रणा) हरवलेल्या डिस्कची ९० सेकंद वाट बघते आणि नाद सोडते. कारण जवळजवळ नेहमी एफएसटॅबमधली एक ओळ: काढून नेलेली डिस्क, बदललेला यूयूआयडी किंवा टायपिंगची चूक.

रूटचा (इथे मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड देऊन आत जा आणि:

जर्नलसीटीएल -एक्सबी
फाइंडएमएनटी --व्हेरिफाय

दुसरी आज्ञा एफएसटॅब तपासून कोणती ओळ खोटी आहे ते सांगते. फार कमी लोकांना ती माहीत असते. मग:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /
नॅनो /ईटीसी/एफएसटॅब

चुकीच्या ओळीच्या सुरुवातीला '#' लावा, सेव्ह करा, 'सिस्टमसीटीएल रीबूट'. रूट खातं कुलूपबंद असेल तर काही ठिकाणी आतच घेत नाही; तेव्हा ग्रब मेनूत 'ई' दाबून 'लिनक्स'च्या ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' लिहा, किंवा सरळ लाइव्ह पेनड्राइव्ह लावा.

मावसभावाचं मशीन ग्रब रेस्क्यूतून सुटलं आणि नेमकं इथे येऊन थांबलं. आगीतून फुफाट्यात. रूट यूयूआयडीने लिहिलेलं होतं म्हणून ते मिळालं, पण छपाईच्या फाइलींची ओळ होती '/डेव्ह/एसडीए७ /डेटा ईएक्सटी४ डिफॉल्ट्स ० २'. सातवा आता सहावा झाला होता.

"ही ओळ कुणी लिहिली रे?" त्याने विचारलं.

ती मीच लिहिली होती, २०१७ साली, घाईत. सांगून टाकलं.

ओळ अशी केली: 'यूयूआयडी=' पुढे बीएलकेआयडीने दाखवलेला आकडा (यूयूआयडी हा शब्द मोठ्या अक्षरांत), मग '/डेटा ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल ० २'. 'नोफेल' म्हणजे ही डिस्क नाही मिळाली तरी मशीन अडवू नको. रूट सोडून बाकी प्रत्येक ओळीत मी आता ते लावतो. स्वॅपचंही (मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेचं) लक्षात ठेवा: स्वॅप नव्याने बनवला की त्याचा यूयूआयडी बदलतो. मग एफएसटॅबमधली ओळ आणि डेबियन-उबुंटूत '/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम' ही फाइल, दोन्ही बदलायला लागतात.

लाइव्ह पेनड्राइव्ह: आधी बघा, मग प्रत, मग बाकीचं

वरच्यापैकी काहीच लागू पडलं नाही तर बाहेरून, पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने मशीन चालू करायचं. मी 'सिस्टमरेस्क्यू'चा पेनड्राइव्ह जवळ ठेवतो. त्यात जीडिस्क, टेस्टडिस्क, डीडीरेस्क्यू आधीच असतात. उबुंटूचा लाइव्ह चालतो, पण हल्लीच्या इमेजला ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि काही साधनं वेगळी घ्यावी लागतात. मूळ सिस्टम यूईएफआयची असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआयमधूनच सुरू करा. '/एसवायएस/फर्मवेअर/ईएफआय' हे फोल्डर दिसलं तर तुम्ही यूईएफआयमध्ये आहात.

एलएसबीएलके -एफ
एफडिस्क -एल /डेव्ह/एसडीए
स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए

पहिल्या दोनमध्ये पार्टिशनं आणि त्यांच्या फाइलसिस्टम दिसतात. तिसरीत क्रमांक ५, १९७ आणि १९८ च्या ओळींचे शेवटचे आकडे बघा: बदलून टाकलेले सेक्टर, वाचता न येणारे प्रलंबित सेक्टर आणि दुरुस्त न होणारे. १९७ वाढलेला असेल तर डिस्क स्वतःच आजारी आहे. अशा डिस्कवर एफएससीके चालवणं म्हणजे पाय मोडलेल्याला धावायला लावणं. फक्त १९९ वाढलेला असेल तर संशय केबलवर. साटाची केबल बदला आणि पुन्हा बघा.

आजारी डिस्कची आधी प्रत काढा, तिच्याहून मोठ्या दुसऱ्या डिस्कवर:

डीडीरेस्क्यू -डी -एन /डेव्ह/एसडीए /एमएनटी/बॅकअप/डिस्क.आयएमजी /एमएनटी/बॅकअप/डिस्क.मॅप
डीडीरेस्क्यू -डी -आर३ /डेव्ह/एसडीए /एमएनटी/बॅकअप/डिस्क.आयएमजी /एमएनटी/बॅकअप/डिस्क.मॅप

पहिल्या फेरीत सहज मिळतं ते गोळा होतं, दुसऱ्या फेरीत हट्टी सेक्टरांवर तीनदा प्रयत्न होतो. मॅप फाइल असली की मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. डेबियन-उबुंटूत पॅकेजचं नाव 'जीडीडीरेस्क्यू' आहे. 'डीडी_रेस्क्यू' हे वेगळंच साधन आहे, गल्लत करू नका.

डिस्क धडधाकट असली तरी पार्टिशन टेबलची प्रत घ्याच. क्षणभराचं काम:

एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीए > टेबल.टीएक्सटी

ही साधी मजकुराची फाइल आहे. प्रत्येक पार्टिशनचा सुरुवातीचा सेक्टर आणि लांबी तिच्यात असते. ती पेनड्राइव्हवर ठेवा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपही करून ठेवा.

पार्टिशन टेबलच गेलं असेल तर

मशीन अजून चालू असताना टेबल पुसलं गेलं असेल, तर रीबूट करू नका. कर्नलच्या डोक्यात जुनं टेबल अजून आहे. '/एसवायएस/ब्लॉक/एसडीए/एसडीए२/स्टार्ट' आणि त्याच फोल्डरमधली 'साइझ' या फाइली वाचून ५१२ बाइटच्या सेक्टरांत आकडे मिळतात. कागदावर उतरवा. रीबूट केलंत की ते गेले.

जीपीटी असेल तर निम्मी काळजी सोडा. जीपीटी स्वतःची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवतं आणि दोन्हींवर सीआरसी-३२ची पडताळणीची बेरीज असते, त्यामुळे कोणती प्रत खरी ते साधनांना कळतं. सुरुवातीची प्रत बिघडली तर:

जीडिस्क /डेव्ह/एसडीए

मग 'आर' दाबून रिकव्हरी मेनू, 'बी'ने मागची हेडर वापरायची, 'सी'ने मागचं टेबल आणायचं, 'पी'ने डोळ्यांनी बघायचं, 'व्ही'ने तपासायचं. दिसतंय ते पटलं तरच 'डब्ल्यू'. पटलं नाही तर 'क्यू', काही बिघडत नाही. छोट्या डिस्कवरून मोठीवर क्लोन केल्यावर "बॅकअप जीपीटी डिस्कच्या शेवटी नाही" अशी कुरकुर येते. ती 'एसजीडिस्क -ई /डेव्ह/एसडीए'ने मिटते.

एमबीआरला असा मागे कुणी नाही. तिथे 'टेस्टडिस्क'. ते डिस्कभर फाइलसिस्टमच्या खुणा शोधत फिरतं आणि कोणतं पार्टिशन कुठून कुठपर्यंत होतं ते सांगतं. ॲनालाइज, मग क्विक सर्च. यादी आली की प्रत्येक पार्टिशनवर 'पी' दाबून आतल्या फाइली बघा. फाइलींची नावं नीट दिसली तर सीमा बरोबर. यादीत जुन्या, कधीच्या काळी मोडलेल्या पार्टिशनांची भुतंही येतात, म्हणून हा 'पी' टाळू नका. 'राइट' त्यानंतर.

आणखी एक फसवा प्रकार. मोठ्या डिस्कचं यूएसबी कव्हर खोलून आतली डिस्क थेट साटाला लावली आणि पार्टिशनं गायब झाली, असं झालं तर काही पुसलेलं नाही. काही कव्हरं बाहेरच्या जगाला ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ बाइटचे म्हणून दाखवतात. टेबल त्या हिशेबाने लिहिलेलं असतं, साटावर हिशेब बदलतो. डिस्क परत त्याच कव्हरमध्ये घाला, डेटा काढून घ्या.

फाइलसिस्टम दुरुस्त करताना

माउंट असलेल्या पार्टिशनवर एफएससीके कधीही नाही. ईएक्सटी४ला (लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टमला) आधी नुसतं विचारा:

ई२एफएससीके -एफ -एन /डेव्ह/एसडीए२

'-एन'मुळे सगळ्या प्रश्नांना "नाही" जातं आणि काही लिहिलं जात नाही. तक्रारी थोड्या असतील तर '-एन' काढून चालवा. स्क्रीनमागून स्क्रीन सरकत असेल तर आधी प्रत. "बॅड मॅजिक नंबर इन सुपर-ब्लॉक" आलं तर मुख्य सुपरब्लॉक (फाइलसिस्टमच्या मूळ नोंदींचा ब्लॉक) गेलाय, किंवा तुम्ही पार्टिशनऐवजी पूर्ण डिस्कचं नाव दिलंय. हे दुसरं जास्त वेळा घडतं. सुपरब्लॉकच गेला असेल तर ईएक्सटी४ त्याच्या प्रती इतरत्र ठेवतं. ४ केबीचे ब्लॉक असतील तर ३२७६८, ९८३०४, १६३८४० या जागी:

ई२एफएससीके -बी ३२७६८ -मोठा बी ४०९६ /डेव्ह/एसडीए२

या जागा विचारायची आज्ञा आहे 'एमकेई२एफएस -एन'. इथे '-एन' राहिला तर ती आज्ञा खरोखर फॉरमॅट करते. माझ्या हातून एकदा राहिला आहे. सुपरब्लॉक खराब असल्यामुळे "इथे आधीच फाइलसिस्टम आहे" हा नेहमीचा इशाराही आला नाही. नंतर दोन रात्री फोटोरेक या पुसलेल्या फाइली शोधायच्या साधनाने घरचे फोटो वेचत बसलो. जे मिळाले त्यांची नावं गेली होती. तेव्हापासून ती आज्ञा मी वापरत नाही, वरचे आकडेच एकेक करून पाहतो.

एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टमवर 'एफएससीके' चालवून "सगळं ठीक" ऐकलं असेल तर भुलू नका, तिथे ती आज्ञा काहीच करत नाही. 'एक्सएफएस_रिपेअर -एन'ने बघा. लॉग बाकी आहे म्हणाली तर एकदा माउंट करून अनमाउंट करा. मोठ्या एलचा पर्याय लॉग फेकून देतो, त्यासोबत शेवटचं काम जाऊ शकतं. बीटीआरएफएस या तिसऱ्या फाइलसिस्टमचं 'चेक --रिपेअर' मी घरच्या मशीनवरही वापरणार नाही; फक्त-वाचन माउंट करून डेटा बाहेर काढा.

बाहेरून आत शिरून ग्रब बसवणं

लाइव्ह पेनड्राइव्हवरून, रूट 'एसडीए२' आणि ईएफआय 'एसडीए१' धरून:

माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी
माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट/ईएफआय
माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
माउंट --आरबाइंड /प्रॉक /एमएनटी/प्रॉक
माउंट --आरबाइंड /एसवायएस /एमएनटी/एसवायएस
सीएचरूट /एमएनटी

बूट वेगळं असेल तर ते ईएफआयच्या आधी माउंट करा. हे विसरलं की ग्रब रिकाम्या फोल्डरमध्ये बसतो आणि तुम्ही रात्रभर डोकं धरून. आत गेल्यावर 'डीएफ -एच /बूट'ने जागा बघा. भरलेलं असेल तर 'एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज'. मग:

अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल
ग्रब-इन्स्टॉल
अपडेट-ग्रब

लेगसीत दुसऱ्या ओळीपुढे '/डेव्ह/एसडीए' जोडा. डिस्क जीपीटी आणि बायोस लेगसी अशी जोडी असेल तर ग्रबला १ एमबीचं 'बायोस बूट' पार्टिशन लागतं, जीडिस्कच्या भाषेत ईएफ०२. ते नसेल तर ग्रब-इन्स्टॉल नीट बसत नाही. फेडोरात पहिल्या ओळीऐवजी 'ड्राकट --रीजनरेट-ऑल --फोर्स'; पुढच्या दोन आज्ञाही तिथे वेगळ्या आहेत.

फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या दुसऱ्या सिस्टमवाल्यांसाठी थोडक्यात: 'जीपार्ट शो'मध्ये 'करप्ट' दिसलं तर 'जीपार्ट रिकव्हर एडीए०'. लोडरवर 'बूट -एस' करून एकट्या वापरकर्त्याच्या मोडमध्ये गेलं की 'एफएससीके', मग 'माउंट -यू /'.

डी ड्राइव्हचं पुढे काय झालं

मावसभावाचं मशीन रात्री साडेदहाला सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन. "दादा, तो डी ड्राइव्ह रिकामा नव्हता. गेल्या वर्षीची सगळी लेबलं त्यात होती."

त्या जागेवर नवीन काही बनवलं नव्हतं, हे नशीब. शनिवारी ठाण्याहून गाडी पकडून गेलो, एसएफडिस्कची प्रत घेतली, पेनड्राइव्हवरून टेस्टडिस्क लावलं. क्विक सर्चमध्येच पार्टिशन दिसलं, 'पी' दाबल्यावर लेबलांच्या फाइली दिसल्या, 'राइट' केलं. डी परत आला, तो पुन्हा पाचवा झाला, डेबियन पुन्हा सहावं.

ग्रब मात्र त्या पहिल्याच रात्री पाचव्यावर बसवला होता. मी कोपऱ्यावर चहा प्यायला उतरलो आणि त्याला म्हटलं, तोवर रीबूट कर. दहा मिनिटांनी फोनवर एक फोटो आला. आधी रेस्क्यू प्रॉम्प्ट, त्याखाली त्याने स्वतः टाइप केलेल्या ओळी, या वेळी 'एमएसडॉस६'च्या. पाठोपाठ दुसरा फोटो, डेबियनच्या डेस्कटॉपचा. एफएसटॅबने या वेळी कुठेच अडवलं नव्हतं. वर जाऊन ग्रब-इन्स्टॉल तेवढं करायचं राहिलं होतं, तेही त्याने केलं होतं.